शेजघराची पूर्वपीठिका

ठाण्याचा घोडबंदर रस्ता, कल्याणचा खडकपाडा, डोंबिवलीजवळची पलावा वसाहत, अशा ठिकाणच्या नव्या सदनिकांत शेजघर मांडण्याची एक विशिष्ट रीत अलीकडे रूढ होऊ लागली आहे. पलंग जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच, लाकूड फिकट, भिंत पांढरी अथवा वाळूच्या रंगाची, कोपऱ्यात कागदी आच्छादनाचा दिवा आणि एखादी मातीची कुंडी. याखेरीज खोलीत काही नसावयाचे, आणि हे नसणे हेच तिचे भूषण मानावयाचे. या रीतीस 'जपान्डी' म्हणतात. जपान आणि स्कँडिनेव्हिया, म्हणजे डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे हे देश, यांच्या नावांचे तुकडे जोडून अलीकडच्या काळात हा शब्द बनविण्यात आला. फिनलंडलाही या गोतावळ्यात धरण्याचा प्रघात आहे.

नवी टूम म्हणून हसून सोडून द्यावा असा हा विषय नाही. आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा माणूस झोपेत काढतो. आणि ज्या खोलीत तो काढावयाचा, ती खोली मिळावी म्हणून आपल्याकडील मध्यम वर्ग वीस-वीस वर्षांच्या कर्जाचे ओझे डोक्यावर घेतो. तेव्हा या खोलीची पूर्वपीठिका काय, तिच्यातील रिकामेपण कोठून आले आणि आपल्या घरात त्याचा अर्थ काय, हे विचारणे गैर होणार नाही. विचार करू जाता असे दिसते की, ज्या रिकामेपणास आज आपण श्रीमंतीचे लक्षण समजतो, तो त्या दोन्ही परक्या देशांत टंचाईच्या पोटी जन्मला. तसे रिकामेपण आपल्याही घरांत पूर्वी होते, आणि ते आपण टाकले त्यास सबळ कारण होते.

प्रथम या दोन परक्या कुळांची सोयरीक कशी जुळली ते पाहू. दोन शतकांहून अधिक काळ बंद ठेवलेली आपली दारे जपानने १८५४ साली उघडली. डेन्मार्कशी त्याचा तह १८६७ साली झाला. स्वीडन व नॉर्वे तेव्हा एका राजाच्या अमलाखाली होते, त्यांच्याशी तो १८६८ साली झाला. पुढे लाकडी ठशांवर छापलेली जपानी चित्रे, लाखेचे काम आणि मातीची भांडी युरोपच्या बाजारांत येऊ लागली. कार्ल मादसेन या डॅनिश टीकाकाराने १८८५ साली जपानी चित्रकलेवर स्वभाषेत ग्रंथ लिहिला. स्वीडनमधील चित्रकार कार्ल लार्सन हा तर जपानी चित्रांचा भक्तच होता. सुंदबोर्न या खेड्यातील आपल्या घराची जलरंगातील चित्रे त्याने १८९९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, आणि त्या पुस्तकाने स्वीडिश घराची कल्पनाच पालटून टाकली. ते घर सजविणारी मात्र त्याची पत्नी कारिन होती. ती स्वतः शिकलेली चित्रकार. लग्नानंतर तिने कुंचला बाजूस ठेवला आणि पडदे, पलंगपोस, खुर्च्या व मेजे यांच्या रचनेत आपली कला ओतली. नाव पतीचे झाले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण तिचे प्रतिबिंब पुढे आपल्याही घरात दिसणार आहे.

ही सोयरीक एकतर्फी नव्हती. जपानात यानागी सोएत्सु या विचारवंताने १९२५ च्या सुमारास 'मिंगेई', म्हणजे सामान्य लोकांची हस्तकला, हा शब्द प्रचारात आणला. निनावी कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेल्या वाडग्यात जे सौंदर्य असते ते मिरविण्यासाठी केलेल्या वस्तूत नसते, असे त्याचे प्रतिपादन होते. १९२९ साली तो व त्याचा मित्र, कुंभकार हामादा शोजी, स्वीडनला गेले आणि स्टॉकहोम येथील लोकजीवनाची संग्रहालये पाहून प्रभावित झाले. पुढे १९३६ साली यानागीने तोक्योत लोककलांचे संग्रहालय उघडले, त्यामागे या प्रवासाची प्रेरणा होती. उलट दिशेने, १९३५ साली स्टॉकहोमच्या मानववंश-संग्रहालयाच्या आवारात एक जपानी चहाघर उभे राहिले आणि उत्तरेकडील स्थापत्यविशारदांना ती बांधणी घरबसल्या पाहावयास मिळाली. फिनलंडचा आल्वार आल्टो याने १९३९ साली पुरी केलेल्या 'व्हिला माइरेआ' या घरात जपानी वळण स्पष्ट दिसते. सारांश, नाव नवे असले तरी संबंध सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

तथापि दोहोंचे बाह्य रूप जुळत असले तरी त्यामागील कारणे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. स्टॉकहोमला डिसेंबरात दिवसाचा उजेड सहा तासांच्या आसपास असतो. तेथील माणूस भिंत पांढरी करतो, लाकूड फिकट ठेवतो आणि खिडकीवर जाड पडदा टाकीत नाही, तो मिळेल तेवढा उजेड घरात ओढून घेण्यासाठी. जपानचा उन्हाळा दमट आणि पावसाळी. चौदाव्या शतकातील केन्को या भिक्षूने घर बांधावे ते उन्हाळा ध्यानात ठेवून, असा सल्ला देऊन ठेवला आहे. म्हणून तेथे जमीन उंचावर उचललेली, छपराची पाखी खोल उतरलेली, आणि उजेड कागदी दारांतून गाळून आत घेतलेला. तानिझाकी जुनइचिरो या कादंबरीकाराने १९३३ साली सावलीची थोरवी सांगणारा निबंध लिहिला, तो याच मातीतून उगवला. एक देश उजेडाचा भुकेला, दुसरा सावलीचा. आपले ठाणे-कल्याण पावसाच्या व दमटपणाच्या बाबतीत जपानच्या उन्हाळ्याचे भाऊबंद आहे. त्याला स्वीडनचा पांढरा रंग लावला की वैशाखात डोळे दिपतात आणि श्रावणात भिंतीवर बुरशीचे नकाशे उमटतात. कच्च्या फिकट लाकडाचीही तीच गत होते.

दोन्ही देशांत एक गोष्ट मात्र सारखी होती, ती जागेची टंचाई. एलेन के या स्वीडिश लेखिकेने 'सौंदर्य सर्वांसाठी' या अर्थाचे आपले पुस्तक १८९९ साली लिहिले. सौंदर्य ही धनिकांची मिरासदारी नव्हे, कामकऱ्याच्या घरातही साधी, सोयीची आणि सुबक वस्तू असावी, असे तिचे म्हणणे होते. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकातही स्वीडनच्या शहरांत कामकरी कुटुंबे एका खोलीत व स्वयंपाकघरात दाटीने राहत. आपल्या 'वन रूम किचन'चे हे अगदी सख्खे भावंड. तेथील सुधारकांनी घरोघर पाहणी केली तेव्हा असे आढळले की, कुटुंबातील सारी माणसे स्वयंपाकघरात दाटीवाटीने निजतात आणि उरलेली एकुलती एक खोली पाहुण्यांसाठी नटवून ठेवतात. अवजड खुर्च्या काढा, दिखाऊ खोली मोडा, माणसांना पाय पसरून निजू द्या, असा प्रचार तेव्हा सुरू झाला. हलके, उचलून ठेवता येणारे, स्वस्त सामान हा या प्रचाराचा एक भाग होता.

जपानातही असेच घडले. निशियामा उझो या स्थापत्यविशारदाने महायुद्धाच्या काळात गरिबांच्या घरांची पाहणी केली. घर कितीही लहान असो, माणसे जेवावयाची जागा आणि निजावयाची जागा वेगळी ठेवण्याची धडपड करतात, असे त्यास दिसून आले. युद्धानंतर शहरे बेचिराख झाली असता सरकारने १९५१ साली सार्वजनिक घरांचे जे नमुने ठरविले, त्यांतील सर्वांत लहान घर ४०० चौरस फुटांच्या आसपासचे होते. त्यातही जेवण्यासाठी स्वयंपाकघराला जोडून जागा काढून झोपण्याच्या खोल्या निराळ्या राखण्यात आल्या. आज ज्या मांडणीला आपण शांततेचा विलास म्हणतो, तिच्या मुळाशी अशी दाटीने राहणारी माणसे आहेत.

आता आपल्या घराकडे वळू. हा प्रांत लाकडासाठी जुन्या काळापासून नावाजलेला. पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लस' या वृत्तांतात कल्याणचा उल्लेख आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस या व्यापाऱ्याने कल्याणहून बाहेर जाणाऱ्या मालात पितळ व कापड यांच्या जोडीला जे काळे लाकूड सांगितले आहे, ते विद्वान शिसव समजतात. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि तेथील खाडीत स्वराज्याची जहाजे बांधली जाऊ लागली. आसपासच्या रानांत साग होता, म्हणून हे शक्य झाले. असे असूनही येथील सामान्य घरात लाकूड खांबांत, तुळयांत, कडीपाटात आणि दारांत दिसे. सामान म्हणून फारसे नसे. ओटीवर झोपाळा, माजघरात फडताळ, भिंतीत कोनाडे व देवळ्या, कपड्यांसाठी दांडी आणि खुंट्या, किंमती चीजवस्तूंसाठी एखादा पेटारा, झाले सामान. पलंग असलाच तर एखादा. बाकी सर्वांस सतरंजी, गोधडी व घोंगडी. सकाळी अंथरुणे गुंडाळून वळकट्या कोपऱ्यात रचल्या की तीच जागा जेवणाच्या पंगतीला, दुपारी दळणकांडणाला आणि संध्याकाळी शुभंकरोतीला मोकळी होई.

जपानी घराशी हे किती जुळते पाहा. तेथेही गादी जमिनीवर घालावयाची, सकाळी घडी करून भिंतीतील खोल फडताळात ठेवावयाची. तेथेही खोली कोणत्या कामाची हे घटकेवर ठरावयाचे. सुमारे ६ फूट लांब व ३ फूट रुंद अशा चटयांनी जमीन झाकलेली, आणि खोलीचे माप चटयांच्या संख्येवरून सांगावयाचे. आपल्या कोनाड्याच्या जागी त्यांचा तोकोनोमा. त्यात एक चित्रपट आणि ऋतूचे एखादे फूल. परदेशातून आणून आपण जे मांडू पाहतो, ते आपल्या पणजीच्या माजघरात शेणाने सारवलेल्या जमिनीवर होते, असे म्हणावयास हरकत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग झाले, पुन्हा वळकटीकडे वळावे. परंतु इतिहासाचा कौल इतका सोपा नाही. माजघराचे ते रिकामेपण आपोआप राहत नसे. पहाटे उठून घरातील सर्वांची अंथरुणे उचलणे, जमीन झाडणे, सारवणे, रात्री पुन्हा ती घालणे, हे काम कोणाच्या हातचे होते ते सांगावयास नको. शिवाय त्या मोकळ्या घरात मोकळीक फार थोड्यांच्या वाट्याला येई. पुरुष ओटीवर, बायका-मुले माजघरात. बाळंतिणीला अंधारी खोली. थोरामोठ्यांच्या वाड्यात माडीवर निराळे शेजघर असे, पण सामान्य घरात नवराबायकोला दोन शब्द बोलावयासही जागेची व वेळेची चोरी असे. पंढरपूरच्या मंदिरात विठ्ठलाला स्वतंत्र शेजघर आहे. जी सोय देवाला होती, ती आपल्या सामान्य संसारी माणसास कित्येक पिढ्या मिळाली नाही.

या अडचणीचा परिणाम केवळ संसारसुखावर होत नसे. न्यायमूर्ती रानडे यांनी आपल्या पत्नीला लिहावयास-वाचावयास शिकविले ते रात्री, माडीवरील खोलीत. आणि त्याबद्दल दिवसा घरातील बायकांचे टोमणे रमाबाईंना सोसावे लागले. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत रमाबाईंनी हे सारे लिहून ठेवले आहे. ती एक खोली नसती तर ते शिक्षणही कदाचित झाले नसते. दुसरे उदाहरण खुद्द कल्याणचे. तेथील जोशी घराण्यातील यमुना हिचे १८७४ साली गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. गोपाळरावांना तिला शिकविण्याचा ध्यास. माणसांनी भरलेल्या घरात ते साधेना, म्हणून त्यांनी आपली बदली कल्याणहून अलिबागेस करून घेतली. हीच मुलगी पुढे फिलाडेल्फियास गेली आणि १८८६ साली वैद्यकीची पदवी घेऊन डॉक्टर झाली. कल्याणच्या वाड्यांत पडव्या होत्या, ओसऱ्या होत्या, परसे होती. एका मुलीला पुस्तक उघडून बसता येईल असा बंद दाराचा कोपरा मात्र नव्हता. स्त्रीशिक्षणाच्या या ओघात जपानचेही नाव येते ते असे. तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका महर्षी कर्वे यांच्या हाती पडली आणि तिच्यापासून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. त्या काळच्या मराठी माणसाला जपानपासून जे घ्यावेसे वाटले, ते हे होते.

पुढे रेल्वे आली. बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास पोहोचली. १८५४ च्या मे महिन्यात लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. मुंबईत पोट भरावयास गेलेला आपला माणूस चाळीत राहिला. सरकारने १९२० नंतर बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तेथे माजघरातील रीत शिल्लक होती, पण माजघर नव्हते. पुढे गिरगाव-परळच्या खोलीत मावेना तेव्हा मध्यम वर्ग लोकलगाडीच्या आधाराने ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे पसरला. सहकारी गृहसंस्था निघाल्या, १९६३ साली मालकी सदनिकांचा कायदा झाला, आणि 'ब्लॉक' हा शब्द घरोघर ऐकू येऊ लागला. ठाण्याची महानगरपालिका १९८२ साली, कल्याण-डोंबिवलीची १९८३ साली स्थापन झाली. २०११ च्या खानेसुमारीत ठाणे शहराची वस्ती १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या घरात होती. या लाखो माणसांपैकी पुष्कळांच्या घराण्यात दार लावून घेता येईल अशी झोपण्याची खोली ही त्यांच्या पिढीत प्रथमच आली.

आली, ती भरूनच. गोदरेजचे पोलादी कपाट १९२३ पासून बनू लागले होते. नव्या ब्लॉकमध्ये त्याला मानाचे स्थान मिळाले. दुहेरी पलंग, आरशाचे टेबल, माळ्यावर ट्रंका, पलंगाच्या पोटात रजया, सणावारांची भांडी आणि मुलांची जुनी पुस्तके. उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराने ही हौस परवडेल अशा दरात पुरविली. आज या सामानास कोणी भडक म्हणेल, अडगळ म्हणेल. परंतु ज्या कुटुंबाने दोन पिढ्या खुंटीवर कपडे आणि कोपऱ्यात वळकट्या ठेवून काढल्या, त्याला स्वतःचे कुलूप असलेले कपाट म्हणजे काय वाटले असेल याचा विचार त्याने करावा. त्या कपाटाच्या एका खणात गृहिणीचे स्वतःचे असे काही प्रथमच सुरक्षित राहिले.

त्यानंतर आता हे तिसरे पर्व सुरू झाले आहे. जपानी 'मुजी'चे दुकान मुंबईत २०१६ साली उघडले. १९४३ साली स्वीडनमध्ये स्थापन झालेल्या 'इकेआ'ने २०१८ साली हैदराबादेत आणि २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भे येथे दुकान थाटले; ठाणेकरांस ते गाडीच्या पल्ल्यात आले. त्यांच्या वस्तूंतील साधेपणा पाहून आपल्याकडील सुताराकडूनही तसेच सामान करवून घेण्याची चाल पडली. यात वाईट काही नाही. वाईट आहे ते इतकेच की, पुष्कळदा खोलीतून हाकललेले सामान घराबाहेर जात नाही. ते आजीच्या खोलीत किंवा बैठकीच्या माळ्यावर जाऊन बसते. एका खोलीचे रिकामेपण दुसऱ्या खोलीच्या दाटीवर उभे राहते. फिकट भिंतीवरील डाग आणि उघड्या फळीवरील धूळ पुसावयास घरात सकाळी येणारी मोलकरीण लागते. ती स्वतः बहुधा एका खोलीत पाचसात माणसांसह निजते. पूर्वी माजघर सारवणारे हात घरातल्या बाईचे होते, आता पुष्कळ घरांत ते दुसऱ्या घरातल्या बाईचे आहेत.

मग या दोन देशांपासून आपण घ्यावे तरी काय? आमच्या मते त्यांच्या रंगापेक्षा त्यांची रीत घेण्याजोगी आहे. जपानी माणूस वस्तू नाहीशी करीत नाही, तिला जागा नेमून देतो आणि काम झाले की तेथे ठेवतो. आपल्या १० फूट लांब, १० फूट रुंद खोलीत भिंतीत बसविलेले एक खोल फडताळ चार शोभेच्या वस्तूंहून अधिक काम करील. स्वीडिश सुधारकाने पाहुण्यांसाठी नटविलेली खोली मोडून ती घरच्या माणसांस दिली. शोकेसने अडविलेल्या आपल्या दिवाणखान्यास तो उपदेश आजही लागू पडतो. उजेडाचा प्रश्न मात्र आपणच सोडविला पाहिजे. येथे उन्हाला अडवणारे छज्जे, वारा खेळता ठेवणाऱ्या समोरासमोरच्या खिडक्या, ओल सोसणारा साग किंवा शिसव आणि पायाला गार लागणारी चटई यांचीच योजना योग्य. चुकून जुने सागवानी दार किंवा आजोबांचा पलंग घरात असेल, तर रंग जुळत नाही म्हणून तो भंगारात काढू नये. यानागीने पाहिला असता तर आनंदाने संग्रहालयात ठेवला असता.

आणि एवढे करून खोलीत जी जागा मोकळी होईल ती कोणाची, हे घराने एकदा ठरवावे. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला तेथे मेज टाकता येईल काय? दोन पाळ्यांची नोकरी करून आलेल्या सुनेला तासभर दार लावून घेता येईल काय? म्हाताऱ्या माणसाला वीतभर उंचीच्या पलंगावरून गुडघ्यांना त्रास न होता उठता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर त्या शेजघरास जपानी म्हणावे, स्वीडिश म्हणावे किंवा काहीच म्हणू नये. कल्याणहून बदली मागून अलिबागेस जाणाऱ्या गोपाळरावांना जी जागा हवी होती, ती कल्याणच्याच घराघरांत झाली एवढे पुरे आहे.